एका वर्गणीत अख्खं गाव

पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा, वाजवू नका. आता गायचं नाही, आता बोलायचं आहे!

मंडळी, ऐका. निरूपण झालं, ज्यांना डुलक्या काढायच्या होत्या त्यांच्या डुलक्याही झाल्या, आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच नको, मनात ठेवा. प्रश्न असा — वाचायचे पैसे द्यावेत का?

हसताय काय? साधा प्रश्न आहे! मोबाइलवर आपण बातमी उघडतो. वरच्या चार ओळी दिसतात, छान चुरचुरीत. पाचव्या ओळीपासून अक्षरं धुरकट होतात आणि पाटी येते — पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा. मग आपण काय करतो? भरतो? समोरचे काका बघा कसे मिशीत हसतायत. काका, तुम्ही काय करता ते मी सांगतो. आधी त्या लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता. मग भाच्याला फोन लावता, "अरे, पैसे न भरता हे कसं उघडायचं रे?"

आणि त्याच वेळी आपल्याला धर्म आठवतो. एरवी वर्षभर आठवत नाही, पण खिशात हात घालायची वेळ आली की लगेच! "बुवा, विद्या कधी विकायची असते का? सरस्वतीला तिकीट लावतात का?" वा, काय बोललात. नातवाच्या क्लासची फी भरताना सरस्वती कुठे गेली होती? मोबाइलचा रिचार्ज करताना त्या कंपनीला म्हणालात का, की आवाज ही ईश्वराची देणगी आहे, त्याचे कसले पैसे? नाही! तिथे मुकाट्याने भरता. दहीवड्याचे भरता, दाढीचे भरता. फक्त लिहिणाऱ्याने मागितले की त्याला वैराग्य शिकवायला निघता.

मागच्या वर्षी एका गावात एक गृहस्थ कीर्तनानंतर मला म्हणाले, "बुवा, नारदमुनी तिन्ही लोकांत बातम्या पोचवायचे, त्यांनी कधी वर्गणी मागितली का?" म्हटलं, नाही मागितली. नारदमुनींना घरभाडं नव्हतं, लाइटबिल नव्हतं, सासू नव्हती, आणि त्यांची पोरं क्लासला जात नव्हती!

तर प्रश्न तो. मागणाऱ्याचं चालतं का, आणि देणाऱ्याने द्यावं का? चला कथेत.

एक गाव. नाव आपण ठेवू तांबडवेल. खरं नाव सांगणार नाही, त्या गावाने मला पुन्हा बोलवायला हवं ना! गाव म्हणजे तसं छोटं शहरच. नगरपंचायत आहे, एस.टी. स्टँड आहे, तीन बँका आहेत, आणि गावाच्या मधोमध बाजारतळ. चांगला ऐसपैस, चार मोठ्या चिंचा, त्यांच्या सावलीत दर गुरुवारी बाजार. कांदा, मिरची, सुकी मासळी, घोंगड्या, भांडी. आणि सगळ्यांत जुन्या चिंचेखाली द्वारकाबाई कासार यांचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, वर ताडपत्री, खाली पोतं, पुढ्यात पेटी. द्वारकाबाईंच्या सासूची सासूही तिथेच बसायची. पंचक्रोशीतली एकही बाई अशी नाही जिचा हात द्वारकाबाईंनी दाबला नाही आणि दाबताना जिचं सगळं गुपित काढून घेतलं नाही!

या द्वारकाबाईंची सून उज्ज्वला. सासू बायकांची गुपितं काढायची, सून नगरपंचायतीची. घराणंच तसं! उज्ज्वला शिकलेली, हातात मोबाइल, पायात चपला, बस्स. तिने एक वेबसाइट काढली, तांबडवेल वार्ता. पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार, कांद्याला भाव काय मिळाला, दवाखान्यातले डॉक्टर आज आहेत की रजेवर, कोणता रस्ता कोणाच्या मेव्हण्याला दिला, आणि कोण वारलं, अंत्यविधी किती वाजता. सकाळी उठून लोक देवाला नमस्कार करायच्या आधी ते उघडायचे. आधी निधन वार्ता बघायचे. आपलं नाव नाही म्हटल्यावर समाधानाने दात घासायला जायचे.

आणि हे सगळं फुकट!

किती वर्षं? बरीच. नवरा एस.टी.त मेकॅनिक, त्याच्या पगारावर घर, आणि जाहिरातींवर ती वेबसाइट. दिवाळीला कापडवाला जाहिरात द्यायचा, जूनमध्ये वह्या-पुस्तकांवाला. पण पुढे काय झालं, कापडवाल्याने स्वतःचाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. वह्यांवालाही म्हणाला, ताई, आता मी रील करतो. करा! जाहिराती आटल्या. उरल्या कोणाच्या? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या. आणि वाढदिवसाची जाहिरात घेतली की दुसऱ्या दिवशी त्याच पुढाऱ्याच्या रस्त्यातला खड्डा लिहायचा कसा? उज्ज्वलाने दोन-तीनदा लिहिला. जाहिरात गेली. खड्डा राहिला.

मग तिने एके दिवशी वेबसाइटवर लिहिलं. हात जोडून लिहिलं हो! "पुढच्या महिन्यापासून महिन्याला तीस रुपये वर्गणी. निधन वार्ता आणि पाण्याची वेळ सगळ्यांना खुली राहील. बाकीचं वर्गणीदारांना. जमलं तर भरा, नाहीतर मला हे बंद करावं लागेल."

तीस रुपये. महिन्याला. दोन वडापाव! तेही चटणी जास्त मागितली नाही तर.

आणि गाव पेटलं! एवढं पेटलेलं ते गाव पाणी आठ दिवस आलं नव्हतं तेव्हाही कुणी पाहिलं नव्हतं. "बाई पैशाच्या मागे लागली." "आम्ही वाचलं म्हणून ही मोठी झाली." "बातम्या तर आपल्याच गावच्या, आपल्याच बातम्यांचे आपल्याकडून पैसे?" बघा तर्क! उद्या शिंप्याला म्हणा, अंग माझं आहे, शिलाई कसली?

गंमत बघा मंडळी. पहिल्या आठवड्यात वर्गणी आली. कुठून? पुण्याहून. ठाण्याहून. एक तर दुबईहून! जे गाव सोडून गेले होते ते भरत होते. ज्यांना तांबडवेलचं पाणी आता प्यायचं नव्हतं, त्यांना ते कधी येतं हे वाचायला पैसे द्यावेसे वाटत होते. आणि गावातून किती? पेटीवाले, सूर बंद करा. ऐकू येतंय काही? तेवढेच!

आता कथेत येतात बापू नलवडे. बापूंचा धंदा मांडव-डेकोरेशनचा. गणपती मंडळाचे अध्यक्ष, नवरात्राचे अध्यक्ष, क्रिकेटचे अध्यक्ष. गावात नवीन काही निघालं की लोक आधी बापूंना अध्यक्ष करायचे आणि मग ते काय आहे हे विचारायचे. बापू माणूस वाईट नाही हं. मयतीला पहिला, लग्नाला पहिला. जेवणाला तर पहिलाच.

बापूंनी देवळात बैठक बोलावली. उभे राहिले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "गावकऱ्यांनो, चिडायचं कारण नाही. मला सांगा, आपण गणपती कसा बसवतो? घरटी एकेक मोठी मूर्ती आणतो का? नाही. वर्गणी काढतो, एकच मूर्ती आणतो, दर्शन सगळ्यांना. मग बातमीचं तेच करू. घरटी पाच रुपये काढू, मंडळाच्या नावाने एकच वर्गणी भरू. मी वाचीन, फोटो काढीन, ग्रुपवर टाकीन. दर्शन सगळ्यांना."

टाळ्या! अहो, काय टाळ्या! एक म्हातारे तर डोळे पुसायला लागले. डोकं लागतं मंडळी असं सुचायला. घरटी तीस रुपये द्यायला गावाला परवडत नव्हतं, पण घरटी पाच रुपये द्यायला सगळे धावले, कारण त्या पाच रुपयांत तिचे तीस बुडवल्याचा आनंद होता!

झालं. तांबडवेल डिजिटल वाचक मंडळ स्थापन झालं. पावती पुस्तक छापलं. वर्गणी एवढी जमली की एका मोबाइलची तीस रुपये वर्गणी भरून उरलेल्या पैशांचं काय करायचं हा प्रश्न पडला. प्रश्न पडला म्हणजे आपल्याकडे उत्तर ठरलेलंच असतं. फ्लेक्स! स्टँडसमोर मोठा फ्लेक्स, त्यावर बापू मोबाइल कानाला लावून. आता वाचायचा मोबाइल कानाला का लावला हे विचारू नका, फ्लेक्सवर माणूस तसाच शोभतो. मग उद्घाटन, पेढे, शाल-श्रीफळ. त्या फ्लेक्सच्या आणि पेढ्यांच्या पैशात अर्ध्या आळीची वर्षभराची वर्गणी भरून झाली असती. पण मग आळीला पेढे कसे मिळाले असते?

आणि या समारंभाला प्रमुख पाहुणी कोण? उज्ज्वला! तिला व्यासपीठावर बसवलं, नारळ दिला, आणि बापू माइकवर म्हणाले, "ताई, गावातले तुमचे पहिले वर्गणीदार आम्हीच." ती बिचारी मांडीवर नारळ घेऊन बसली. ज्याचा खिसा कापायचा त्यालाच आधी हार घालायचा, हे सौजन्य आपल्याकडेच बघायला मिळतं.

ग्रुप सुरू झाला. त्यात फक्त बापूच टाकणार, बाकीच्यांनी वाचायचं आणि फार तर खाली एखादी खूण चिकटवायची. उज्ज्वला म्हणाली, "बापू, मलाही घ्या ग्रुपमध्ये." बापू म्हणाले, "ताई, तुम्हीच तर लिहिता. तुम्हाला पुन्हा वाचायला कशाला?" बरोबरच आहे! ज्याच्या घरातून दूध चोरायचं त्याला त्याच दुधाचा चहा कोण पाजतो?

पहिले काही दिवस बापूंनी नेमाने टाकलं. हळूहळू त्यांच्यातला संपादक जागा झाला. बातमी लांब असली की खालचा भाग कापायचे, कारण वर स्वतःचा फोटो लावायला जागा हवी ना! कोपऱ्यात हसरे बापू, खाली निधन वार्ता. मंगळवारी पाणी येणार नाही ही बातमी एकदा बुधवारी आली, कारण मंगळवारी बापू भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. कोणी तक्रार केली? छे. "फुकट आहे ना, मग थोडा उशीर चालायचाच." आणि मूळ वेबसाइट? ती उघडायचं गावाने सोडूनच दिलं. निधन वार्ता तिथे खुली होती, पाण्याची वेळ खुली होती, तरी कोण उघडतंय? घरपोच येतंय ना!

आता लक्ष द्या. डुलकी काढणाऱ्यांना शेजारच्यांनी हलवा, कारण कथा इथे वळते.

गावात सर्जेराव इंगवले म्हणून एक बडे ठेकेदार. त्यांच्या मनात आलं, बाजारतळ किती छान आहे. मधोमध, रस्त्याला लागून, वर सावली. तिथे भाजी कशाला? तिथे मंगल कार्यालय हवं! लॉन हवा, कारंजं हवं, फोटो काढायला नकली धबधबा हवा. नगरपंचायतीत ठराव झाला, जागा तीस वर्षांच्या कराराने द्यायची. आता कायद्याप्रमाणे जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात. तशी नोटीस लावावी लागते. लावली! कुठे लावली? नगरपंचायतीच्या कार्यालयाच्या दाराच्या मागे. दार उघडं असलं की नोटीस दाराआड. आणि दार बंद असलं की कार्यालयच बंद. कायदा पाळला, जनतेचा त्रासही वाचवला!

पण उज्ज्वला रोज नगरपंचायतीत जायची आणि रोज ते दार ओढून मागे बघायची. सासूकडून शिकली होती. बाईचा हात हातात घेतल्याशिवाय बाई बोलत नाही, आणि दार ओढल्याशिवाय नगरपंचायत बोलत नाही. तिने नोटीस वाचली. हरकती घ्यायला पंधरा दिवस. तिच्या पायाखालची जमीन सरकली, कारण ती जमीन खरोखरच सरकत होती! तिच्या सासूची चिंच त्या नकाशात नव्हती. त्या जागी लिहिलं होतं, वाहनतळ.

घरी आली, लिहायला बसली. बाजारतळ कोणाला जातोय, किती वर्षांसाठी, हरकत कुठे द्यायची, अर्ज कसा लिहायचा, शेवटची तारीख काय. सगळं लिहिलं. आणि वर ठळक अक्षरांत टाकलं — ही बातमी सर्वांसाठी खुली आहे, वर्गणीची गरज नाही.

फुकट, मंडळी! पैसे मागितले नाहीत! जे गाव तीस रुपयांसाठी पेटलं होतं, त्या गावाला तिने त्याचाच बाजार फुकट वाचायला दिला.

आणि गावातून ती बातमी किती जणांनी उघडली? तिने स्वतः. तिच्या सासूने, म्हणजे सुनेनेच उघडून दिली. आणि बापूंनी.

बापूंनी वाचली. नीट वाचली. आणि वाचून झाल्यावर त्यांना फोन आला. तुम्ही विचाराल, बुवा, फोनवर काय बोलणं झालं हे तुम्हाला कसं कळलं? अहो, आख्यानकाराला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, तेवढी सवलत द्या.

सर्जेराव म्हणाले, "बापू, आमच्या कार्यालयाचं डेकोरेशन, खुर्च्या, मांडव, सगळं तुमच्याकडेच द्यावं म्हणतो."

"अण्णा, हा तुमचा मोठेपणा."

"तुमच्या ग्रुपवर गावाचं फार प्रेम आहे असं ऐकतो. उगाच तिथे वाद नकोत."

"आपल्या ग्रुपवर वाद नसतातच, अण्णा."

बस्स. एवढंच. ना धमकी, ना पाकीट. एक वाक्य इकडून, एक तिकडून. अख्ख्या गावाला आंधळं करायला एवढंच लागलं, कारण गावाने बघायला एकच माणूस ठेवला होता!

उज्ज्वला दोन दिवस वाट बघून बापूंच्या दुकानात गेली. बापू खुर्च्या मोजत होते.

ती म्हणाली, "बापू, ती बातमी ग्रुपवर टाका. माझं नाव काढा, वेबसाइटचं नाव काढा. तुमचा फोटो हवा तेवढा मोठा लावा. पण टाका."

बापू म्हणाले, "ताई, ग्रुपचा नियम आहे. राजकीय नको, वादग्रस्त नको. गावात एकोपा आहे, तो बिघडायला नको."

"बाजार जातोय, बापू."

"तेच म्हणतो ना मी. असलं काही टाकलं की लोक चिडतात."

बघा. गावाची काळजी बापूंना केवढी! लोक चिडू नयेत म्हणून त्यांनी लोकांना चिडायचं कारणच कळू दिलं नाही.

मग गुरुवारी सासू-सून बाजारात निघाल्या. दुकान बाजूला ठेवून द्वारकाबाई प्रत्येक पालावर गेल्या. त्या वयात, त्या उन्हात. "बाबा, आपला बाजार चाललाय. पंधरा दिसांत अर्ज द्यायचाय. सुनंनं लिवून ठेवलाय, सही कर." कांदेवाला काय म्हणाला असेल? त्याने मोबाइल काढला, बोटाने वरखाली केलं आणि म्हणाला, "मावशी, एवढी मोठी गोष्ट असती तर ग्रुपवर आली नसती का?"

मिरचीवाली म्हणाली, "ग्रुपवर न्हाई ओ."

भांडीवाला म्हणाला, "तुमच्या सुनेची वर्गणी वाढत नाही म्हणून हे चाललंय होय?"

एकाचा मुलगा पुण्यात. त्याने वर्गणी भरलेली, त्याने बातमी वाचली, बापाला फोन केला, "दादा, बाजारतळ जातोय, हरकत द्या." बाप म्हणाला, "तू पुण्यात बसून आम्हाला गावाचं सांगतोस? इथे ग्रुपवर काही नाही."

आणि त्या दिवशी ग्रुपवर काय होतं सांगू? सर्जेराव इंगवले यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. खाली अख्ख्या बाजाराने हात जोडलेले! कांदेवाल्याने केक चिकटवलेला!

मंडळी, इथे मला राग येतो. दरवेळी हे आख्यान लावतो आणि दरवेळी इथे येतो. सर्जेरावांचा नाही येत, त्यांचा धंदाच तो. बापूंचाही फारसा येत नाही. राग येतो त्या कांदेवाल्याचा. समोर सत्तरीची बाई उभी आहे, जिने त्याच्या आईचे, बायकोचे, लेकीचे हात भरले, ती डोळ्यांत पाणी आणून सांगतेय, आणि हा मोबाइलमध्ये बघतोय ती खरं बोलते का!

तारीख उलटली. हरकती आल्या दोन. एक सासूची, एक सुनेची. एकाच घरातल्या, म्हणून नगरपंचायतीच्या साहेबांनी शेरा मारला, वैयक्तिक स्वार्थ. दोन्ही निकाली.

आणि पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी लोक टोपल्या घेऊन आले, तर बाजारतळाला पत्रे ठोकलेले. आत जेसीबी. चिंचा आडव्या. नगरपंचायतीचा माणूस दारात उभा, "बाजार आता बायपासला, कचरा डेपोच्या अलीकडे. कधीच जाहीर केलंय."

गाव खवळलं! आणि मंडळी, खवळून गाव कुठे गेलं? नगरपंचायतीत? छे. सर्जेरावांकडे? तिकडे तर कुत्री आहेत. बापूंकडे? बापू पत्र्यांच्या आत होते, खुर्च्या किती बसतील ते बघायला. गाव गेलं उज्ज्वलाच्या दारात! हीच एक जागा जिथे जाऊन ओरडायला काही लागत नाही.

कांदेवाला पुढे होता. "तुम्ही पत्रकार म्हणवता. एवढं मोठं झालं, लिहिलं का नाही?"

उज्ज्वला दारात आली. तिने मोबाइल पुढे धरला. म्हणाली, "लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. पैसे न भरता उघडत होतं. अजूनही उघडतं, बघा."

सगळे वाकून बघायला लागले. तारीख होती, नकाशा होता, अर्जाचा नमुना होता. सगळं होतं. आणि मग मागून एकाने विचारलं — तिला विचारलं हो, तिलाच! — "मग ग्रुपवर का नाही आलं?"

तेव्हा आतून द्वारकाबाई आल्या. बांगड्यांची पेटी त्यांच्या डोक्यावर होती, बायपासला निघाल्या होत्या. त्या थांबल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबांनो, डोळं तुम्ही बापूपाशी ठेवायला दिलं. माझ्या सुनंपाशी काय मागताय? जावा, बापूकडनं घेऊन या."

आणि चालू लागल्या.

बापूंना गावाने मग अध्यक्षपदावरून काढलं. काढायलाच हवं! बैठक झाली, गरमागरम भाषणं झाली, आणि गाव शहाणं झालं. किती शहाणं झालं ऐका. सर्वानुमते ठराव झाला, यापुढे एकाच माणसावर विसंबायचं नाही. यापुढे मंडळाने दोन वर्गण्या भरायच्या! एकाने लपवलं तर दुसरा टाकेल! घरटी वर्गणी पाचाची सहा केली. पुन्हा पावती पुस्तक, पुन्हा फ्लेक्स, यावेळी दोन चेहरे.

उज्ज्वलाला निमंत्रण गेलं. ती गेली नाही. निरोप पाठवला, "मंडळाची वर्गणी घेणार नाही. माणसाची घेते. ज्याला वाचायचंय त्याने स्वतः यावं." गाव म्हणालं, "बाईला माज आला."

आता तुम्ही विचाराल, बुवा, मूळ प्रश्नाचं काय? वाचायचे पैसे मागून तिचं चाललं का? चाललं. धावलं नाही, चाललं. पुण्याचे, ठाण्याचे, दुबईचे भरत राहिले. आणि गावातून मंडळ सोडून पहिली वर्गणी कोणाची आली असेल? त्या मिरचीवालीची. बायपासच्या धुळीत बसून तिने स्वतःच्या मोबाइलवरून भरली. मग सुक्या मासळीवाली. मग एकेक करत बाजारातल्या बायका. आजही गावात घरं किती आणि वर्गणीदार किती हे विचारू नका, मला हसू आवरायचं नाही. पण वेबसाइट बंद पडली नाही.

बाजार मात्र परत आला नाही. बांगड्या भरायला बायपासला कोण जातं? आणि मंगल कार्यालयात पहिलं लग्न लागलं तेव्हा नवरीला चुडा भरायला कासारीण हवी होती. बापूंनीच बोलावलं. द्वारकाबाई गेल्या. पोट आहे, जावं लागतं. जिथे तीन पिढ्या पोतं टाकून मालकिणीसारख्या बसल्या, त्याच जागेवर त्या मागच्या दाराने गेल्या, डेकोरेशनवाल्याची चिठ्ठी दाखवून. चुडा भरला, हात पुसला, आल्या तशा निघाल्या.

मंडळी, कथा झाली. आता तुमच्याकडे वळतो. तेव्हा टाळ्या वाजवून पळू नका.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही तांबडवेलकर नाही. असं का? मग तिसऱ्या ओळीतल्या त्या दादांना जरा बघा. मघापासून मोबाइल वर धरून माझं चित्रण चाललंय. नाही नाही, दादा, खाली घेऊ नका, चालू द्या! तुमची काही चूक नाही. तुम्ही तर आलात. मी विचारतोय बाकीच्या गावाबद्दल. मंडप अर्धा रिकामा आहे. ते कुठे आहेत? ते घरी पोहे खात बसलेत, कारण दादा पाठवणार आहेत ना!

दादा, घरी बसलेल्यांना माझं एक सांगाल? त्यांना म्हणावं, बुवांनी आज तुमच्या गावाबद्दल एक गोष्ट सांगितली. तुमच्या इथल्या बाजाराबद्दल, नावं घेऊन. ती ऐकायला स्वतःच यावं लागलं असतं. चित्रण इथेच थांबवा. थांबवलंत? छान.

आता बसलेल्यांनो, पुढे सरका. आणि कान उघडे ठेवा, तुमचे स्वतःचे.